भाकरी सोडली तरी खाज जाईना

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात मुलीची जुनी शंभरपानी वही होती. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारलेली. डावीकडे ‘चालतं’, उजवीकडे ‘चालत नाही’. उजवी बाजू दोन पानं भरून खाली उतरली होती: साखर, गूळ, मध, सगळी फळं, भात, भाकरी, चपाती, बटाटा, रताळं, दूध, दही, ताक, इडली, आंबोळी, ढोकळा, पाव, लोणचं, शेंगदाणे, मश्रूम. डावीकडे नऊ ओळी होत्या, त्यातली एक ‘गरम पाणी’.

“मॅडम, एवढं पाळते तरी पांढरं जायचं थांबत नाही. अजून काय सोडू ते सांगा.”

मी आहारतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात काम करते. बुरशीच्या संसर्गासाठी, म्हणजे सगळे ज्याला यीस्ट इन्फेक्शन म्हणतात त्यासाठी, ‘डाएट लिहून द्या’ म्हणणाऱ्या बायका माझ्याकडे नेहमी येतात. त्यातलं हे एक प्रकरण त्यांच्या परवानगीने सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती लिहिल्याशिवाय या प्रकरणाला अर्थ नाही.

बाई ४६ वर्षांच्या. घरी शिवणकाम करतात, दिवसाचे सात-आठ तास मशीनवर बसून. पाच वर्षांपासून मधुमेह. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.१ आली म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. जुलैअखेर तीच तपासणी ७.४ आली, घरात सगळ्यांना आनंद झाला. पण मधल्या काळात, जूनमध्ये, खाज सुरू झाली होती. आधी रात्री, मग दिवसभर. लघवीला गेलं की आग, आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव. शेजारणीने ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी आणि तांदळाचं धुवण सांगितलं. आठवडाभर ते केलं. मग मेडिकलमधून एक कॅप्सूल आणि एक मलम आणलं, पाच दिवसांत बरं वाटलं. जुलैच्या शेवटी सगळं पुन्हा आलं. तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या मुलीने मोबाइलवर शोधून ‘कँडिडा डाएट’चे, म्हणजे या बुरशीसाठी सांगितल्या जाणाऱ्या पथ्याचे, व्हिडिओ पाठवले. वहीतली रेघ त्या रात्री पडली.

ऑगस्टच्या मध्याला त्या माझ्यासमोर बसल्या, तोवर तीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी काय खाल्लं ते मी विचारलं. सकाळी अनशापोटी लसणाच्या चार कच्च्या पाकळ्या आणि कोमट पाण्यात अ‍ॅपल सायडर व्हिनेगर. चहा बंद. अकरा वाजता दोन उकडलेली अंडी. दुपारी वाफवलेली दुधी-पडवळ आणि वर चमचाभर खोबरेल. रात्री मुगाचं पातळ कढण. वजन ६१ किलोवरून ५८ वर आलेलं. “घरच्यांसाठी भाकऱ्या थापते,” त्या म्हणाल्या, “पण तव्यावरून काढताना वास आला की तिथून उठून जावंसं वाटतं.”

या पथ्यामागचा तर्क ऐकायला सरळ वाटतो. बुरशी साखरेवर जगते, म्हणून साखर तोडा. धान्याची शेवटी साखरच होते, म्हणून धान्य तोडा. आंबवलेल्या पदार्थांत यीस्ट असतं, म्हणून तेही तोडा. बायकांना तो पटतो, कारण त्यात करण्यासारखं काहीतरी असतं, आणि ते आपल्याच स्वयंपाकघरात करता येतं.

पण तो तीन ठिकाणी फसतो. पहिली गोष्ट, संसर्ग करणारी बुरशी बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स असते. पावातलं यीस्ट हा वेगळा जीव आहे, आणि तो भट्टीत मरतो. इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः जिवाणूंमुळे, आणि इडली वाफवल्यावर तेही संपतात. इडली खाऊन योनीमार्गात बुरशी जाण्याची वाटच नाही. दुसरी गोष्ट, कँडिडा बाहेरून यावी लागत नाही. कितीतरी धडधाकट बायकांच्या आतड्यात, त्वचेवर, योनीमार्गात ती आधीपासून थोडीफार असतेच. तिथले आम्ल तयार करणारे जिवाणू तिला दाबून ठेवतात. हा तोल बिघडला की ती फोफावते: अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, गरोदरपणात, स्टिरॉइड घेताना, आणि मधुमेह ताब्यात नसताना. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, तेव्हा लाजण्यासारखं यात काहीच नाही. तिसरी गोष्ट, मधुमेह नसलेल्या बाईने लाडू खाल्ला म्हणून ती साखर तशीच खाली पोचत नाही. शरीर रक्तातली साखर एका मर्यादेत धरून ठेवतं. ज्यांची साखर त्या मर्यादेबाहेर जाते, त्यांच्या बाबतीत मात्र आहाराचा आणि या संसर्गाचा संबंध खरा आहे. आहाराचं काम तिथे आहे.

शरीरभर यीस्ट साठून थकवा, डोकेदुखी, उदासी येते, ही कल्पना अमेरिकेत १९८० च्या दशकात पसरली. १९९० मध्ये तिथल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात तिची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. बुरशीनाशक औषधाने योनीमार्गाच्या तक्रारी कमी झाल्या, पण बाकीच्या लक्षणांत औषध आणि बिनऔषधाची गोळी यांत फरक दिसला नाही. त्याला तीस वर्षं उलटून गेली, तरी त्याच कल्पनेचे व्हिडिओ आज कराडच्या घरात पोचतात.

यातलं निम्मंअर्धं मी त्या दिवशी त्यांना सांगितलं. भाकरी सुरू करा म्हटलं, ताक सुरू करा म्हटलं, कच्चा लसूण आणि व्हिनेगर बंद करा म्हटलं. मोबाइलवर त्यांनी रिपोर्ट दाखवले. ७.४ पाहून मी मनापासून शाबासकी दिली. माझ्या फॉर्ममध्ये ‘चालू औषधे’ असा रकाना आहे. त्यात मी लिहिलं, ‘मधुमेहाची गोळी, रोज एक.’ कुठली गोळी, ते विचारलं नाही.

त्याच रिपोर्टमध्ये खाली आणखी दोन आकडे होते. उपाशीपोटी रक्तातली साखर १२४. लघवीतली साखर चार अधिक (++++), म्हणजे भरपूर. मी ते वाचलं, ‘मधुमेह आहे, असणारच’ असं मनात म्हटलं आणि पुढे गेले. एरवी रक्तातली साखर साधारण १८० च्या वर चढल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. १२४ ला चार अधिक हा मेळच बसत नाही. हे मी शिकलेली आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. त्या दिवशी माझं सगळं लक्ष वहीतल्या उजव्या बाजूवर होतं.

सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा त्रास उलटला, तेव्हा मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तोवर एकदाही तपासणी झाली नव्हती. स्रावाचं आम्लमान ४ होतं. नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून स्लाइड पाहिली, त्यात बुरशीचे धागे दिसले. कल्चरमध्ये कँडिडा अल्बिकन्स आली, फ्लुकोनाझोल या नेहमीच्या बुरशीनाशक औषधाला दाद देणारी. ही तपासणी करायलाच हवी. पांढरं जाणं म्हणजे बुरशीच असं नसतं, आणि दुकानातून स्वतःच औषध आणणाऱ्या बऱ्याच जणींना प्रत्यक्षात दुसराच संसर्ग असतो. त्यांनी आणलेल्या मलमात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड होतं. त्याने खाज दबते, पण त्वचा पातळ होत जाते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ते बंद झालं. वर्षात तीन वेळा झाल्याने हा वारंवार होणारा संसर्ग ठरला: पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी १५० मिलीग्रॅमची एकेक कॅप्सूल, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक.

खाज आठ दिवसांत थांबली. पण बाईंचा विश्वास वहीवरच होता. माझ्या सांगण्यावरून चालू केलेली अर्धी भाकरी त्यांनी पुन्हा बंद केली. “औषध संपल्यावर परत यायला नको ना, म्हणून.” आणि तेवढ्यात घटस्थापना आली.

त्यांच्या घरी नऊ दिवसांचा उपवास असतो. सासूबाईंनी केला, त्यांनीही तेवीस वर्षं केला. एरवी साबुदाणा, भगर, रताळं, राजगिऱ्याचा लाडू चालायचं. त्या वर्षी त्यातलं सगळंच ‘चालत नाही’च्या बाजूला होतं. म्हणून त्या गरम पाणी, थोडी काकडी आणि दिवसाला मूठभर मखाणे, एवढ्यावर राहिल्या. गोळी मात्र चुकवली नाही.

तिसऱ्या माळेला संध्याकाळी मुलीचा फोन आला. आईला सकाळपासून उलट्या होताहेत, पोटात दुखतंय, धाप लागतेय, उठून बसवत नाही. “मॅडम, पण शुगर चांगली आहे. आत्ताच बघितली, १७६. मग हे कशानं?”

मी म्हटलं, गोळीची पट्टी आण आणि मागचं बारीक अक्षर वाच.

तिने अक्षर लावत लावत वाचलं. मेटफॉर्मिन. आणि त्याच्या पुढे, डॅपाग्लिफ्लोझिन.

एका गोळीत दोन औषधं होती. वरचं ठळक नाव कंपनीचं. घरात तिचं नाव होतं ‘शुगरची नवी गोळी’, आणि माझ्या फॉर्ममध्येही तेच. मी मुलीला सांगितलं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, ही गोळी सोबत न्या, आणि डॉक्टरांना तीन शब्द सांगा: ही गोळी, तीन दिवस उपवास, उलट्या. साखर १७६ आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

दवाखान्यात लघवीत कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, भरपूर निघाले, रक्तात आम्ल वाढलेलं होतं. अतिदक्षता विभागात दोन दिवस सलाइन, ग्लुकोज आणि इन्सुलिन चाललं. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या.

हे औषध काय करतं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण बुरशी आणि ती संध्याकाळ, दोन्ही त्यातूनच आलं. मूत्रपिंड रक्त गाळताना साखरही गाळतं आणि लगेच परत शोषून घेतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं ते परत शोषणं अडवतात. साखर लघवीतून बाहेर पडते, दिवसाला साधारण ७० ग्रॅम, म्हणजे चौदा चमचे. रक्तातली साखर उतरते, वजन उतरतं. पण ती साखर ज्या वाटेने जाते तिथली त्वचा दिवसभर ओलसर आणि गोड राहते. कँडिडाला आणखी काय हवं? या औषधाच्या चाचण्यांत १० मिलीग्रॅम घेणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास सात जणींना जननेंद्रियाचा बुरशीसंसर्ग झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत तो आकडा एक-दोन होता. बाई ताटातली साखर चमच्याचमच्याने तोडत होत्या, आणि चौदा चमचे रोज लघवीतून जात होते.

दुसरा धोका उपासमारीचा. धान्य जवळजवळ बंद आणि असलेली साखरही लघवीतून जातेय, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन साठतात. एरवी मधुमेहात कीटोन वाढले की साखरही तीनशे-चारशेवर जाते, त्यामुळे घरचे लगेच धावतात. या औषधावर साखर लघवीतून निसटत राहते, म्हणून बोटाच्या थेंबावर आकडा चांगला दिसतो आणि माणूस आतून खचत असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच याचा इशारा दिला होता.

गोळीला दोष देऊन मोकळं होणं मला मान्य नाही. हृदय निकामी होण्याच्या आजारात आणि मूत्रपिंडाच्या विकारात हा औषधगट खूप उपयोगी ठरला आहे. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं आणि अनेक कंपन्यांच्या गोळ्या कमी किमतीत आल्या. म्हणूनच आज ती तालुक्याच्या गावातही सहज लिहिली जाते, आणि ते चांगलंच आहे. एखादवेळी बुरशी झाली तर बहुतेकदा संसर्गावर उपचार करून गोळी चालूच ठेवतात. या बाईंची गोळी कीटोनमुळे बंद करावी लागली. डॉक्टरांनी दुसरी औषधं दिली. हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून सोडू नये. नाव वाचावं आणि डॉक्टरांना विचारावं.

मग हे सहा महिने कुणाच्याच लक्षात का आलं नाही? यावर मी बरेच दिवस विचार केला. साखरेचे डॉक्टर पुरुष आहेत, आणि त्यांच्यासमोर नवरा सोबत असताना ‘खाली खाज येते’ हे बाईंच्या तोंडून निघालं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना मधुमेह सांगितला, गोळीचं नाव सांगितलं नाही, कारण ते माहीतच नव्हतं. माझ्याकडे जेवणाबद्दल बोलता येत होतं, म्हणून त्या माझ्याकडे जेवणाबद्दल बोलल्या. लाज न वाटता ज्याबद्दल बोलता येतं असं एकच दार उघडं होतं, ते ताटाचं. त्यांचा सगळा त्रास तिथून आत आला. मी तो ताटातच शोधत बसले.

घरी आल्यावर आम्ही वही पुन्हा उघडली. मी उजवी बाजू खोडली नाही. एकेक शब्द त्यांनीच डावीकडे न्यायचा, आठवड्याला दोन-तीन, आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून समोर लिहायची, असं ठरवलं. पहिली आली ती ज्वारीची भाकरी. मध्यम भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात तेहतीस-चौतीस ग्रॅम कर्बोदकं असतात. दुपारी एक, रात्री एक. सोबत मटकीची नाहीतर चवळीची उसळ वाटीभर, पालेभाजी दीड वाटी, शेंगदाण्याची चटणी, काकडी-मुळा. त्या दिवशीचा आकडा १५२ आला. त्यांनी तो तीनदा पाहिला.

दह्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. १९९२ मध्ये अमेरिकेत एका लहान अभ्यासात विशिष्ट जिवाणू असलेलं दही सहा महिने रोज खाणाऱ्या स्त्रियांना संसर्ग कमी झाले होते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली, तिच्यात लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंचा काही उपयोग दिसला नाही. आपल्या विरजणात कुठले जिवाणू आहेत ते घरोघरी बदलतं. म्हणून दही-ताक मी औषध म्हणून देत नाही. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे, जेवणाला चव येते, आणि त्याने बुरशी वाढत नाही, एवढं पुरेसं आहे. साखर न घातलेलं घरचं दही वाटीभर, किंवा जिरं घालून ताक. बाजारातली गोड ‘प्रोबायोटिक’ पेयं नकोत. आणि दही, लसूण, हळद यांतलं काहीही योनीमार्गात लावायचं नाही. लसणाने तिथे भाजल्यासारख्या जखमा होतात.

फळात रोज एक पेरू, नाहीतर संत्रं किंवा छोटं सफरचंद, चावून. रस नको, उसाचाही नको; मशीनवर बसून कंटाळा आला की कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळात एक ग्लास घ्यायची त्यांची जुनी सवय होती, तेवढी एक खरंच सोडायची होती. गूळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून साखरेच्या जागी वापरला तरी रक्तात साखरच वाढते. चहात आधी दोन चमचे असायचे, अर्ध्यावर आलो. हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं, त्यासाठी डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली. मी ती चहापासून दूर, लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. शिवणकामात तासाला एकदा उठून पाच मिनिटं चालायचं. सुती अंतर्वस्त्र, लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, अँटिसेप्टिक किंवा सुगंधी वॉश नाही.

मार्चअखेर आठवड्याची कॅप्सूल संपली. वजन ५९ वर स्थिरावलं, हिमोग्लोबिन ११.६, एचबीए१सी ७.१. सप्टेंबरपर्यंत त्रास उलटला नाही. यातलं किती गोळी बदलल्याने, किती कॅप्सूलने आणि किती भाकरी-उसळीने झालं, ते एका बाईच्या प्रकरणावरून वेगळं काढता येत नाही, आणि ‘आहाराने यीस्ट बरं झालं’ असं म्हणायला मी तयार नाही. आहाराने त्यांची साखर धरून ठेवली, अंगात रक्त आणलं, आणि तव्याजवळून उठून जावंसं वाटायचं थांबलं.

माझ्या फॉर्ममधला ‘चालू औषधे’ हा रकाना आता पहिला आहे, आणि फोनवर वेळ देतानाच सांगितलं जातं की सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा. मलमाच्या ट्यूबसुद्धा. मधुमेहाच्या प्रत्येक बाईला मी स्वतःहून विचारते, “खाली खाज, आग, पांढरं जाणं असं काही?” नवरा सोबत असेल तर त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते.

या वर्षी घटस्थापनेच्या आठ दिवस आधीच त्या आल्या. डॉक्टरांशी बोलून उपवास ‘उठता-बसता’ करायचा ठरला, पहिल्या आणि शेवटच्या माळेला. त्या दिवशी वाटीभर भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, दुपारी ताक आणि राजगिऱ्याची एक भाकरी. दोन्ही दिवसांचे आकडे त्यांनी वहीत लिहिले. दसऱ्याच्या रात्री मोबाइलवर निरोप आला: “मॅडम, लेकीनं केलेलं श्रीखंड दोन चमचे खाल्लं. चालतं ना?”

चालतं, मी लिहिलं.